पुरावा विहिरीने का द्यावा?

डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. शंभरपैकी सत्तरच्या वर गेलेले ४३ पट्टे 'अतिप्रदूषित' ठरले. त्यांत महाराष्ट्रातले पाच होते: चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर. आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, ७७.४४ गुणांवर होते. हवा, पाणी आणि जमीन या तिन्हींचा हिशेब त्यात धरला होता. पुढच्याच महिन्यात केंद्राने या पट्ट्यांतल्या नव्या आणि विस्तार करू पाहणाऱ्या प्रकल्पांची पर्यावरण मंजुरी रोखली, राज्यांकडून कृती आराखडे मागवले, आणि आराखडे आल्यावर ही बंदी टप्प्याटप्प्याने उठवली. २०१८ च्या फेरमूल्यांकनात शहराचे गुण सत्तरच्या किंचित खाली आले आणि शहर त्या यादीतून सुटले. या गुणांच्या यादीत एकाही कारखान्याचे नाव नव्हते. आकडा शहराच्या माथी बसला. बंदी आली ती नव्या आणि वाढू पाहणाऱ्या प्रकल्पांवर. ज्यांच्यामुळे आकडा इतका चढला होता त्यांचे उत्पादन चालू राहिले. एवढी शास्त्रीय मेहनत करून अखेर जबाबदारी कोणावरच टाकली गेली नाही, आणि हे कोणाच्या हलगर्जीपणामुळे झाले असेही म्हणता येत नाही. ती मोजणीच मुळी पट्ट्याची होती, माणसांची आणि कंपन्यांची नव्हती.

विषारी रसायनांबद्दल कंपन्यांना जाब विचारायचा म्हटले की आपल्याकडे चर्चा लगेच कायदा कडक करण्याकडे आणि दंड वाढवण्याकडे वळते. अडचण त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. जाब विचारायचा तर कोणी, काय, किती आणि कुठे सोडले हे आधी कळावे लागते. हे ज्याला पक्के ठाऊक असते त्या कारखान्याला गप्प बसण्याची मुभा आहे. ज्याला ते कळायचा मार्गच नाही त्या गावावर मात्र ते सिद्ध करण्याची जबाबदारी आहे. घरात आणलेल्या पावडरीच्या डब्याबाबत ग्राहकाची अवस्था याहून वेगळी नाही. हे ओझे चुकीच्या खांद्यावर आहे आणि ते हलवल्याशिवाय बाकीच्या सुधारणा वरवरच्या ठरतील, असे माझे ठाम मत आहे.

संभाजीनगरजवळची वाळूजची औद्योगिक वसाहत १९८० च्या दशकात वाढली. वाहनांचे सुटे भाग, औषधे, मद्य, प्लास्टिक, धातूंवर मुलामा देणारे छोटे कारखाने असे सगळे तिथे आले. तिला लागून जोगेश्वरी, रांजणगाव शेणपुंजी, कमळापूर, घाणेगाव, वळदगाव ही गावे आहेत. पुढे कामगारांच्या दाट वस्त्याही तिथेच झाल्या. बोअरला रंगाचे, फेसाचे, उग्र वासाचे पाणी लागते ही तक्रार या भागातून वर्षानुवर्षे येत आहे. स्थानिक वर्तमानपत्रांत ती दर काही महिन्यांनी छापून येते, नमुने घेतले जातात, टँकर सुरू होतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच तक्रार पुन्हा येते. इथली जमीन बेसाल्टची, म्हणजे काळ्या कातळाची आहे. वाळूच्या थरातून पाणी सारखे पाझरते तसे या खडकात होत नाही. ते भेगांतून, सांध्यांतून आणि वरच्या मुरमातून वाट काढते. त्यामुळे नाल्यात सोडलेले रसायन शेजारच्या विहिरीला चुकवून लांबच्या बोअरमध्ये निघू शकते, आणि एकदा भेगेत गेलेले द्रव्य वर्षानुवर्षे तिथेच रेंगाळू शकते. वसाहतीचे सांडपाणी एकत्र करून शुद्ध करणारा सामायिक प्रकल्पही आहे. तो हवाच, कारण छोट्या कारखान्याला स्वतःचा प्रकल्प परवडत नाही. पण अनेकांचे पाणी एका टाकीत पडल्यावर त्यातले क्रोमियम कोणाचे आणि द्रावक कोणाचे, हे टाकीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून सांगता येत नाही. याच पट्ट्यातून खाम नदी पुढे जायकवाडीच्या जलाशयाला, म्हणजे नाथसागराला, मिळते, आणि त्याच नाथसागरातून संभाजीनगर पाणी पिते.

अशा जमिनीवरच्या शेतकऱ्याने कारखान्याविरुद्ध पुरावा आणायचा तर कसा आणायचा? १९७४ च्या जल कायद्याचे कलम २१ सांगते की सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने, कारखानदाराला तिथल्या तिथे सूचना देऊन, ठरलेल्या रीतीने घेतलेला असेल तरच त्याचा निष्कर्ष खटल्यात ग्राह्य. पहाटे तीनला नाल्यात लाल पाणी आले आणि गावकऱ्याने ते बाटलीत भरून ठेवले, तर त्या बाटलीला खटल्यात किंमत नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या मूळ कलम १९ प्रमाणे नागरिकाला स्वतः न्यायालयात तक्रार करायची तर आधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागे. साठ दिवसांत नाला स्वच्छ होतो, कागद तयार होतात, पाऊसही येऊन जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात भरपाई मागायची तर कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. कातळाच्या भेगेत अडकलेले रसायन कोणत्या वर्षी शिरले हे विहिरीच्या मालकाला कुठून कळणार? शिवाय न्यायाधिकरणाचे पीठ पुण्यात. खटल्यात निर्दोष माणूस अडकू नये म्हणून यातल्या काही अटी आवश्यक आहेत, हे मला मान्य आहे. पण त्या सगळ्या एकत्र धरल्या की त्यांचा भार एकाच बाजूवर पडतो.

गंमत वाटावी इतकी विसंगत गोष्ट अशी की सर्वोच्च न्यायालयाने हे ओझे केव्हाच उलटे फिरवले आहे. १९९६ च्या वेल्लोरच्या चर्मोद्योग खटल्यात न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले आणि आपले काम पर्यावरणाला घातक नाही हे दाखवण्याची जबाबदारी उद्योजकावर आहे असे स्पष्ट केले. १९९९ च्या नायडू खटल्यात तेच अधिक विस्ताराने आले. तत्त्व आहे, ते वाळूजच्या बांधावर पोहोचलेले नाही. न्यायालयाचा निकालही गावापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे राजस्थानातल्या बिछडी गावाने पाहिले. तिथे 'एच-ॲसिड' बनवणाऱ्या कारखान्यांच्या गाळामुळे विहिरी आणि जमीन नासली. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषकानेच साफसफाईचा खर्च द्यावा असा निकाल दिला. मग अर्जामागून अर्ज येत राहिले, आणि ३७ कोटी ३८ लाखांहून अधिक रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा अखेरचा आदेश जुलै २०११ मध्ये निघाला. जिंकलेल्या खटल्याला जिंकल्यानंतर पंधरा वर्षे लागली. नुकसान झाल्यावर ते सिद्ध करण्याची आणि मग वसूल करण्याची वाट किती लांबची असते, हे यावरून दिसते.

संभाजीनगरातलेच एक उदाहरण मला या बाबतीत फार बोलके वाटते. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांच्या पाण्यात पंचवीस टक्के कपात करायला लावली. हे काही आठवड्यांत घडले, कोणाला वर्षानुवर्षे पुरावे गोळा करावे लागले नाहीत. कारण सोपे आहे. औद्योगिक विकास महामंडळ कारखान्याला किती पाणी देते याची नोंद मीटरवर असते. बिल त्यावरच निघते. आत जाणारे पाणी लिटरपर्यंत माहीत असते, कारण त्यात पैसा आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्याचे काय? केंद्रीय मंडळाने २०१४ पासून सतरा प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना सतत मोजणी करणारी यंत्रे बसवायला सांगितले. ही सुधारणा मोठी आहे. पण ती यंत्रे मुख्यतः आम्लता, सेंद्रिय भार, तरंगते कण, प्रवाह अशा सर्वसाधारण गोष्टी मोजतात. विशिष्ट विषाचे नाव त्यांतून बहुधा निघत नाही. छोटे कारखाने तर बहुधा त्या यादीतही येत नाहीत. जिथे मोजणी आहे तिथे न्यायालय चटकन हलते, आणि जिथे नाही तिथे गावच पिढ्यान्‌पिढ्या झिजते.

आता घराच्या आत येऊ. मुलुंडच्या कारखान्यात २००७ मध्ये बनलेल्या जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरच्या पंधरा बॅचेस निर्जंतुक करण्यासाठी इथिलीन ऑक्साइड वापरले गेले. हा वायू कर्करोगकारक मानला जातो. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने या कारणावरून तिथला सौंदर्यप्रसाधनांचा परवाना रद्द करण्याचा आदेश काढला तो २०१३ मध्ये. पावडर सुरक्षित होती, असे कंपनीचे म्हणणे होते. ते खरे धरले तरी ती बाळाच्या अंगाला लागून जवळपास सहा वर्षे उलटल्यावर ही चर्चा झाली. पुढे २०२२ मध्ये त्याच कारखान्याचा परवाना नमुन्यांतल्या आम्लतेच्या कारणावरून पुन्हा रद्द झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्दबातल केला; प्रशासनाने लावलेला विलंब हा त्यातला मोठा मुद्दा होता. मॅगीच्या बाबतीत २०१५ मध्ये शिशाच्या संशयावरून बंदी आली, आणि ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने ती उठवली; चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नव्हत्या आणि कंपनीला म्हणणे मांडायची पुरेशी संधी मिळाली नव्हती. पुढच्या चाचण्यांत शिसे मर्यादेतच आढळले. या तिन्ही प्रकरणांचा उल्लेख मी कंपन्या दोषी होत्या हे दाखवण्यासाठी करत नाही. मॅगीबाबत तर उलटेच निघाले. मुद्दा असा की सरकारी यंत्रणेने दुकानातून डबा उचलायचा, प्रयोगशाळा शोधायची, वर्षे घालवायची आणि मग न्यायालयात हरायचे, या रीतीत ग्राहकाचे भले होत नाही आणि निर्दोष कंपनीचेही होत नाही. रसायन कोणते, किती आणि ते का सुरक्षित आहे, याचा दस्तऐवज कंपनीने बाजारात येण्याआधीच उघडा ठेवला असता, तर दोघांचेही काम सोपे झाले असते.

युरोपने २००७ पासून नेमके हेच केले. तिथल्या 'रीच' कायद्यानुसार रसायन बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने त्याची माहिती सादर करायची. माहिती नसेल तर बाजार नाही. आपल्याकडे रसायन व्यवस्थापनाच्या नियमांचा मसुदा २०२० मध्ये तयार झाला आणि मसुदाच राहिला. घरांच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० भाग प्रति दशलक्ष अशी सक्तीची झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी भिंतींचे पोपडे चाखले. प्रत्येक विषासाठी स्वतंत्र नियम येईपर्यंत वाट पाहत बसलो, तर नियम नेहमी एक पिढी मागे राहणार.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की प्रदूषण काही एकट्या कारखान्यांचे नाही. हे खरे आहे. खाम आणि सुखना या दोन्ही नद्यांत शहराचे मैलापाणी येते, शेतातली कीटकनाशके येतात, कचरा येतो. म्हणूनच तर प्रत्येकाचा वाटा वेगळा कळायला हवा. मैलापाण्यात जंतू आणि नायट्रोजन असतो. षट्संयुजी क्रोमियम, निकेल, सायनाइड, औषधनिर्मितीतली द्रावके घराघरांच्या न्हाणीतून येत नाहीत. कोणता कारखाना कोणती द्रव्ये वापरतो याची यादी हाती असेल, तर पाण्याच्या नमुन्यातून उगमाकडे जाता येते. यादी नसेल तर महापालिका कारखान्यांकडे, कारखाने महापालिकेकडे आणि दोघेही शेतकऱ्याकडे बोट दाखवतात. प्रामाणिकपणे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या उद्योजकालाही या धूसरपणाची झळ बसते, कारण त्याचेही नाव त्याच ७७.४४ मध्ये गेले.

दुसरा आक्षेप रोजगाराचा, आणि तो मी हलका मानत नाही. मराठवाड्याचे दरडोई उत्पन्न, पडणारा पाऊस आणि ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांचे तांडे पाहिले तर वाळूज आणि चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींनी इथल्या किती घरांची चूल पेटवली हे कोणालाही कळेल. उद्योग गुजरातला जातील, ही भीतीही खोटी नाही. पण माहिती उघडी करायला कारखाना बंद करावा लागत नाही. २०१० च्या बंदीने नव्या प्रकल्पांना सरसकट थांबवले. रोजगाराला खरा धक्का अशा सरसकट उपायांनी बसतो, आणि जिथे नेमकेपणा नसतो तिथेच सरसकट उपाय केले जातात. शिवाय वाळूजचा कामगार जोगेश्वरीत आणि रांजणगावात राहतो. ज्या बोअरचे पाणी बिघडते ते त्याच्याच खोलीतल्या नळाला येते. रोजगार आणि पाणी हे दोन वेगळ्या लोकांचे प्रश्न असल्यासारखे मांडले जातात. इथे ते एकाच घराचे आहेत.

छोट्या कारखान्याची बाजू मात्र वेगळी बोलायला हवी. मुलामा देणारा, फॉस्फेटिंग करणारा चार टाक्यांचा वेंडर मोठ्या कंपनीने ठरवलेल्या दरावर जगतो. त्याला दर कापून मिळतो आणि सांडपाण्याचा खर्च त्याच्याच माथी पडतो. मंडळाची धाड पडली की सापडतो तोही तोच. ज्या मोठ्या कंपनीच्या नावाने दुचाकी किंवा औषध विकले जाते, तिने आपल्या पुरवठादाराकडून मिळणाऱ्या भागाचा दर्जा मायक्रॉनपर्यंत तपासायचा आणि त्या भागामागे किती विष नाल्यात गेले ते मात्र विचारायचे नाही, हे मान्य होण्यासारखे नाही. जबाबदारी खरेदीच्या साखळीने वर गेली पाहिजे. वेंडरच्या सांडपाण्याचा हिशेब मोठ्या कंपनीच्या वार्षिक अहवालात यावा आणि शुद्धीकरणाचा खर्च तिच्या दरात धरला जावा. आर्थिक ताकद जिथे आहे तिथेच जाब मागितला, तर छोटा उद्योजक वाचेल आणि नालाही.

व्यापारी गुपिताचा आक्षेप तेवढा टिकत नाही. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात आलेले कलम ४१-ब सांगत होते की धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि परिसरातल्या लोकांनाही द्यावी. जल कायद्याचे कलम २५ सांगते की मंडळाने दिलेल्या संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी आणि त्या सांडपाण्याची झळ बसणाऱ्या कोणालाही ती पाहता यावी. माहिती अधिकार कायद्यातही गुपिताची सवलत व्यापक जनहितापुढे मागे पडते. उत्पादनाचे सूत्र गुप्त ठेवायला कोणाची हरकत नाही. जे द्रव्य कुंपणाबाहेर जाते, शेजाऱ्याच्या विहिरीत किंवा ग्राहकाच्या त्वचेत उतरते, ते कंपनीचे खासगी राहत नाही.

'इन्स्पेक्टर राज' परत येईल असेही म्हटले जाते. १ एप्रिल २०२४ पासून जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली पाच वर्षांपर्यंतची कैद काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला, तो याच विचारातून. कैद कागदावर होती आणि क्वचितच वापरली जात होती, त्यामुळे ती गेल्याचे मला फारसे दुःख नाही. मोठ्या कंपनीला पंधरा लाख म्हणजे किरकोळ खर्च आहे, हे मात्र गंभीर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण मंडळांना भरपाई वसूल करण्याचा अधिकार असल्याचे मान्य केले, ही त्यातली दिलासा देणारी बाब. पण त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये एका रासायनिक कंपनीला हरित न्यायाधिकरणाने लावलेला २५ कोटींचा दंड रद्द केला होता, कारण तो उलाढालीवरून ठरवला होता आणि उलाढालीचा झालेल्या हानीशी संबंध दाखवला नव्हता. म्हणजे फिरून आपण तिथेच आलो. हानी मोजली नसेल तर भरपाई टिकत नाही. आधीचे पाणी कसे होते याची नोंद नसेल तर हानी मोजता येत नाही. आणि नोंद उघड्यावर असेल तर इन्स्पेक्टरची मर्जी आपोआप कमी होते. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असतील तर कोणाला चिरीमिरी देऊन ते बदलता येणार नाहीत.

न मोजण्याचा सर्वात मोठा धोका सध्या कोकणात समोर आहे. इटलीत व्हिचेन्झाजवळच्या मितेनी कारखान्याने 'पीएफएएस' नावाची, निसर्गात जवळजवळ न विघटणारी रसायने बनवली. भूजल दूषित होऊन लाखो लोकांच्या पाण्यावर परिणाम झाला, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा माजी अधिकाऱ्यांना कैदेची शिक्षा दिली. त्या कारखान्याची यंत्रे लक्ष्मी ऑरगॅनिकच्या उपकंपनीने विकत घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम इथे आणली. नियम पाळूनच काम करत असल्याचे कंपनी सांगते, आणि तसे नसल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण नियम कोणता? या रसायनांना आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात मर्यादाच नाही. जे मानकात नाही ते तपासले जात नाही, आणि जे तपासले नाही ते सापडत नाही. इटलीत ते सापडले कारण सार्वजनिक संशोधन संस्थेने नद्यांचे आणि पिण्याचे पाणी तपासले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष उघड केले.

संभाजीनगरात ही वेळ अजून पूर्ण गेलेली नाही. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांची 'ऑरिक' नगरी उभी राहते आहे. टोयोटा किर्लोस्कर, एथर यांनी तिथे यायचे जाहीर केले. वंगण-द्रव्यांसाठी रसायने बनवणाऱ्या लुब्रिझॉलनेही जमीन घेतली. बिडकीन पैठण रस्त्यावर, शहर आणि जायकवाडी यांच्या मधोमध आहे. तिथल्या आजूबाजूच्या गावांतल्या विहिरी आणि बोअर आज कसे आहेत, हे नवे कारखाने पूर्ण क्षमतेने चालू होण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेने, विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागाला सोबत घेऊन, मोजून ठेवले पाहिजे. तेही आम्लता आणि क्षारांपुरते नाही, तर येणारे कारखाने जी द्रव्ये वापरणार आहेत त्यांच्या नावानिशी. ती यादी भूखंड देतानाच्या करारात असावी. आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावेत. खर्च कारखान्यांच्या ठेवीतून व्हावा, नमुने मात्र त्यांनी घेऊ नयेत. उद्या एखाद्या विहिरीत त्या यादीतले द्रव्य निघाले, तर ते आपले नाही हे सांगायला कारखान्याने न्यायालयात यावे, शेतकऱ्याने नव्हे. याला नव्या कायद्याची गरज नाही. भूखंड वाटपाच्या अटींत दोन पाने वाढवावी लागतील, आणि ती वाढवण्याचा अधिकार आजही भूखंड देणाऱ्या यंत्रणेच्याच हातात आहे.